नांगराच्या तासात सापडलेली राणी

आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढी रुंद, पण त्याच्या निम्म्यानेही जाड नसलेली एक चांदीची चकती. वजन पाव तोळ्याहून किंचित अधिक. कड सगळीकडे सारखी नाही. एका बाजूने तर कुणी पापडाचा तुकडा मोडून घ्यावा तशी गेलेली. एका अंगाला मुकुट घातलेल्या बाईचा चेहरा आणि तिच्या डोक्यामागे एक गुलाबाचे फूल. आपल्या बायका अंबाड्यात खोवतात ना, अगदी तसे! दुसऱ्या अंगाला एक ढाल, ढालीच्या मागून चारी बाजूंना डोकावणारा क्रूस, आणि वर आकडा : १५६१.

१५६१! त्या साली मोगलांच्या गादीवर येऊन अकबर बादशहाला जेमतेम पाच वर्षे झाली होती. दक्षिणेत विजयनगरचे साम्राज्य अजून ताठ उभे होते. तालिकोटच्या लढाईला चार वर्षांचा अवकाश होता. शिवाजी महाराजांच्या जन्माला ६९ वर्षे होती आणि खुद्द इंग्लंडात शेक्सपियर अजून जन्माला यायचा होता. अशा वेळी लंडनच्या टॉवरमधल्या टांकसाळीत एका कारागिराने हातोड्याचा घाव घातला आणि ही चकती नाणे झाली. पुढे केव्हातरी ती कुणाच्या हातून शेतात पडली, मातीत गेली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा उजेडात आली.

मी काही इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या नाण्यांचा नाद मात्र मला लहानपणापासून आहे. माझा पुतण्या इंग्लंडच्या पूर्व भागात राहतो. त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो तेव्हा हा नाद ओळखून त्याने एके दिवशी विचारले, “काका, नाणी दुकानात पाहण्यापेक्षा शेतात निघताना पाहायची आहेत का?” असा प्रश्न विचारल्यावर कोण नाही म्हणेल? गावाचे नाव मात्र मी मुद्दाम देत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी जागा, मग नाणे

आमच्याबरोबर होते ते पुतण्याचे शेजारी, बस चालवण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांच्या हातात धातुशोधक यंत्र होते. यंत्र म्हणजे काय, तर एक लांब दांडा आणि त्याच्या टोकाला थाळीएवढे तारेचे वेटोळे. या वेटोळ्यातून विजेचा प्रवाह सारखा उलटसुलट फिरवला की त्याच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीत धातू असला तर त्यातही प्रवाह उठतो आणि यंत्र कानात ‘टीं’ करते. वीतभर खोलीपर्यंत ते चांगले ऐकू येते. त्याखालचे नाणे बहुधा सुखाने झोपून राहते.

गहू निघून गेला होता आणि रानात नुसती धसकटे उभी होती. शेतमालकाची लेखी परवानगी खिशात, सापडेल त्याचा निम्मा वाटा त्याचा असा आधीच झालेला करार, आणि पाठीवर पाण्याची बाटली. पहिल्या दोन तासांत आम्हाला काय मिळाले, ते सांगतो : ट्रॅक्टरची एक चाकी, बाटल्यांची तीन बुचे, कोटाचे एक पितळी बटण आणि शिशाचा एक ओबडधोबड तुकडा. माझा उत्साह मावळत चालला होता. गृहस्थ मात्र प्रत्येक बुच तितक्याच आदराने उचलून पिशवीत टाकत होते. “बुच ठेवून गेलो तर पुढच्या वेळी पुन्हा तेच उकरावे लागेल,” ते म्हणाले.

आणि मग एका तासात यंत्राचा आवाज बदलला. त्यांनी गुडघे टेकले, खुरप्याने एक ढेकूळ उलटले, आणि त्या ढेकळाच्या कुशीत करड्या रंगाची एक कड चमकली. पुतण्या पाण्याची बाटली पुढे करून म्हणाला, “धुऊन पाहू या?” त्यांनी हातानेच थांबवले. आधी त्यांनी खिशातून यंत्र काढून त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपले, वहीत तारीख लिहिली, किती खोल ते लिहिले, आणि मगच चकती तळहातावर घेतली. “आधी जागा, मग नाणे,” ते म्हणाले. “नाणे पळून जात नाही. जागा मात्र विसरते.”

ते नाणे पहिल्या एलिझाबेथ राणीचे सहा पेन्स होते. कडेने लॅटिन अक्षरे होती. राणीच्या बाजूला तिची पदवी : देवाच्या कृपेने इंग्लंड, फ्रान्स व आयर्लंडची राणी. यातली मौज अशी की, फ्रान्समधले इंग्रजांचे शेवटचे ठाणे कॅले हे १५५८ मध्येच हातचे गेले होते. पण पदवी सोडवत नाही म्हणतात ते खोटे नाही. इंग्लंडच्या राजांनी फ्रान्सच्या राजेपणाची ही बिरुदावली थेट १८०१ पर्यंत मिरवली. उलट्या बाजूच्या लॅटिन शब्दांचा अर्थ, ‘मी देवाला माझा साहाय्यकर्ता केले आहे.’

हातोड्याचा एक घाव

आजची नाणी यंत्रातून पावसासारखी पडतात. त्या वेळी एकेक नाणे माणूस पाडत असे. चांदी वितळवून तिच्या पट्ट्या ओतायच्या, त्या ठोकून हव्या तेवढ्या पातळ करायच्या, कात्रीने तुकडे कापायचे, तुकडे ठोकून गोल करायचे, वजनाला उतरतात की नाही ते पाहायचे आणि आंबट पाण्यात उकळून लखलखीत करायचे. इथवर चकती तयार झाली.

मग ठसा. लोखंडाचे दोन ठसे असत. खालच्या ठशाला खाली अणकुचीदार टोक असे. ते लाकडाच्या ओंडक्यात घट्ट रोवून ठेवीत. त्यावर चकती, चकतीवर दुसरा ठसा, आणि वरून हातोडा. एका घावात दोन्ही बाजू उठल्या पाहिजेत. घाव तिरका बसला तर राणीचे नाक बसायचे. चकती हलली तर दोन राण्या दिसायच्या. वरच्या ठशाला हातोड्याचा मार थेट बसे, म्हणून तो लवकर फुटे.

वाचकांपैकी ज्यांनी मोगलांचे किंवा पेशवाईतले जुने रुपये हाताळले असतील त्यांना हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडच्या टांकसाळींतही हाच खटाटोप होता. फरक एवढाच की आपल्याकडे ठसा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे रुपयावर मजकुराचा एखादाच तुकडा उमटे आणि उरलेला वाचणाऱ्याने मनाने भरून काढायचा.

१५६१ मध्येच एलॉय मेस्त्रेल नावाच्या एका फ्रेंच कारागिराने लंडनच्या टांकसाळीत यंत्राने नाणी पाडून दाखवली. ती इतकी गोल आणि देखणी होती की आज पाहिली तरी नजर ठरत नाही. पण यंत्र सावकाश चाले आणि हातोडेवाल्यांची पोटे हातोड्यावर होती. मेस्त्रेलचे काम बंद पडले आणि पुढे १५७८ मध्ये खोटी नाणी पाडल्याबद्दल हा कलावंत फासावर गेला. यंत्राने हातोड्याला कायमचे हटवायला १६६२ साल उजाडावे लागले.

राणीच्या डोक्यावर, अक्षरे सुरू होतात तिथे, बाणाच्या पात्यासारखी एक बारीक खूण आहे. ती टांकसाळीची खूण. दर काही काळाने ही खूण बदलत. प्रत्येक खेपेतली थोडी नाणी एका पेटीत टाकून ठेवायची आणि पुढे सोनारांच्या पंचांनी ती गाळून कस पाहायचा, असा तिथला रिवाज तेराव्या शतकापासून आहे आणि तो आजही दरवर्षी पाळला जातो. खुणेवरून कोणत्या काळातले नाणे हलके निघाले ते कळे, आणि टांकसाळीच्या अधिकाऱ्याचा कान धरता येई.

एवढी काळजी का? कारण या नाण्याच्या जन्माआधीची वीस वर्षे इंग्लंडच्या लोकांनी फार वाईट अनुभवली होती.

तांबड्या नाकाचा राजा

एलिझाबेथचा बाप आठवा हेन्री. सहा लग्ने केली म्हणून तो आपल्याला ठाऊक असतो. तिथल्या गोरगरिबांच्या मात्र तो दुसऱ्याच कारणाने लक्षात राहिला. फ्रान्स आणि स्कॉटलंडशी लढायांचा खर्च भागेना, तेव्हा त्याने १५४४ पासून उघडपणे नाण्यांतली चांदी काढून तांबे घालायला सुरुवात केली. शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी हा इंग्लंडचा जुना कस. तो आधी ७५ वर आला, मग ५० वर, आणि १५४६ मध्ये ३३ वर. त्याचा अल्पवयीन मुलगा सहावा एडवर्ड गादीवर असताना, १५५१ मध्ये, तो २५ वर घसरला. म्हणजे रुपयात बारा आणे तांबे!

वरून पातळ चांदीचा मुलामा दिसे. पण हेन्रीचा चेहरा या नाण्यावर समोरून काढलेला होता. चार हातांत फिरले की सर्वांत उंच भाग, म्हणजे नाक, आधी झिजे आणि खालचे तांबे डोकावे. लोकांनी राजाचे नाव ठेवले ‘म्हातारा तांबडनाक्या’! आपल्याकडे सराफ हलक्या नाण्यावर जी कसर कापून घेतो तिला बट्टा म्हणतात, आणि माणसाची अब्रू गेली तरी ‘नावाला बट्टा लागला’ असेच म्हणतात. हेन्रीच्या बाबतीत दोन्ही बट्टे एकदमच लागले.

पण थट्टेने पोट भरत नाही. बाजारात भाव चढले. ज्याच्याजवळ जुनी खरी चांदी होती त्याने ती दडवली किंवा परदेशी पाठवली. हिणकस नाणे खऱ्या नाण्याला बाजारातून हाकलते हे राणीचा सावकारी सल्लागार टॉमस ग्रेशम याने तिला लिहून कळवले होते. पुढे १८५८ मध्ये या नियमाला त्याचेच नाव मिळाले. मजुराला दडवायला जुनी चांदी नव्हती. त्याच्या हातात पडत होते ते तांबडनाके.

आणि मग १५५१ च्या उन्हाळ्यात हुकूम सुटला की, बारा पेन्सांचे शिलिंग आता नऊ पेन्सांचेच समजावे. थोड्याच आठवड्यांत दुसरा हुकूम : सहाचेच समजावे. ज्या बाईने गाठोड्यात एक शिलिंग बांधून ठेवले होते, तिचे अर्धे शिलिंग दोन हुकुमांत उडाले. चोर आला नाही, घर जळले नाही. नाणे होते तिथेच होते.

गुलाब कशासाठी

एलिझाबेथ १५५८ मध्ये गादीवर आली, तेव्हा हा सगळा केर तिच्या दारात पडलेला होता. १५६० च्या सप्टेंबरात तिने तो काढायला घेतला. हिणकस शिलिंगांची किंमत पुन्हा उतरवली : त्यातल्या त्यात बरी ती साडेचार पेन्स, अगदीच वाईट ती सव्वादोन पेन्स. सामान्य माणसाला ओळखता यावी म्हणून बऱ्या नाण्यांवर किल्ल्याच्या दरवाजाच्या जाळीची खूण मारली आणि वाईटांवर शिकारी कुत्र्याची. मग ती सगळी परत घेऊन, गाळून, चांदी वेगळी करून पुन्हा पूर्वीच्या कसाची नाणी पाडली. १५६१ च्या जुलैत राणी स्वतः टॉवरमध्ये टांकसाळ पाहायला गेली होती. आमच्या चकतीतली चांदीही बहुधा त्या गाळलेल्या तांबडनाक्यांमधलीच असावी.

कस परत आणणे एक. पण विश्वास परत आणायचा तर फसगतीची वाटच बुजवायला हवी. १५६१ मध्ये नवी नाणी निघाली ती अशी : सहा पेन्स, तीन पेन्स, दीड पेन्स आणि पाऊण पेन्स. पाऊण पेन्स हे कसले नाणे, असे कुणीही विचारील. त्याचे गणित मोठे गमतीचे आहे. पाव पेन्सचे नाणे चांदीत पाडायचे तर ते इतके चिमुकले झाले असते की फुंकरीने उडावे. म्हणून पाऊण काढले. एक पेनी द्यायची, पाऊण परत घ्यायचे, की पाव पेन्सचा सौदा पुरा!

पण अडचण दुसरीच होती. सहा आणि चार, तीन आणि दोन ही नाणी दिसायला जवळजवळ सारखी. राणीचा तोच मुकुट, तीच ढाल. वाचता न येणाऱ्या माणसाला संध्याकाळच्या अंधारात सहाऐवजी चार टेकवणे दुकानदाराला काय अवघड? म्हणून सहा, तीन, दीड आणि पाऊण या नाण्यांवर राणीच्या डोक्यामागे गुलाब आला आणि ढालीवर साल आले. शिलिंग, चार, दोन आणि एक यांवर गुलाब नाही. अक्षरओळख नसली तरी फूल सर्वांना ओळखता येते. हा गुलाब तसा राजघराण्याचा. लँकेस्टरचा तांबडा आणि यॉर्कचा पांढरा मिळून ट्यूडरांनी तो केलेला. पण इथे त्याला काम दिले होते ते मजुराची मजुरी सांभाळण्याचे.

हे कळल्यावर मी ती चकती पुन्हा पाहिली. शोभेचे म्हणून जे फूल वाटले होते ते राणीने प्रजेला दिलेल्या शब्दाचे होते : बापाने केले ते मी करणार नाही, आणि बाजारात दुसऱ्यालाही करू देणार नाही.

कुणाच्या कशातून पडले?

सहा पेन्स म्हणजे त्या काळच्या शेतमजुराची अदमासे एका दिवसाची कमाई. पुढे १५९९ मध्ये लंडनला ‘ग्लोब’ नाटकगृह निघाले, तिथे एक पेनी देऊन उभ्याने नाटक पाहता येई. म्हणजे सहा पेन्सांत सहा जणांना शेक्सपियर!

आमच्या चकतीवरचा राणीचा गाल गुळगुळीत झाला होता. म्हणजे टांकसाळीतून निघून ती लगेच हरवलेली नाही; पुष्कळ हातांतून गेली आहे. हातोड्याची चांदीची नाणी १६९६ च्या नव्या चलनापर्यंत बाजारात चालत होती, आणि त्या चलनबदलाच्या वेळी टांकसाळीवर देखरेख करायला नेमले गेले ते खुद्द आयझॅक न्यूटन. तोवर लबाड लोक नाण्यांच्या कडा कातरून चांदी गोळा करीत. आमच्या नाण्याची गेलेली कडही नुसती झीज नसावी. कुणाच्या तरी कात्रीने तिथे फराळ केला आहे.

पैसे तेव्हा कमरेच्या पट्ट्याला लटकवलेल्या कशात ठेवीत. म्हणूनच तिकडच्या जुन्या चोरांना ‘कसेकापू’ असे नाव होते. कापणी करताना बंद सैल झाला, वाकताना कसा उलटला, की गेले नाणे. शहरातला उकिरडा गाड्यांनी शेतात टाकीत, त्यातूनही नाणी रानात जात. ज्या दिवशी ते पडले त्या संध्याकाळी कुणीतरी हे तास पुन्हा पुन्हा चालून पाहिले असतील. त्या माणसाचे नाव कोणत्याही कागदावर नाही. त्याची एवढीच एक खूण उरली, आणि तीही तो हरला त्या दिवसाची.

तीच जाळी, रायगडाच्या वाटेवर

या नाण्याचा आपल्याशी काय संबंध, असे वाचक म्हणतील. संबंध आहे, आणि तो फार दूरचाही नाही.

३१ डिसेंबर १६०० रोजी याच राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. पूर्वेकडच्या बाजारांत तेव्हा स्पेनचे रियाल चालत. तेव्हा १६०१ च्या आरंभी राणीने कंपनीसाठी टॉवरच्या टांकसाळीत खास चांदीची नाणी पाडवली. वजनाने ती रियालाशी जुळणारी, पण एका बाजूला इंग्लंडची ढाल आणि दुसऱ्या बाजूला तीच किल्ल्याच्या दरवाजाची जाळी. ती घेऊन जेम्स लँकेस्टरची गलबते आचे आणि बांतमच्या बाजारात पोचली. चांदी खरी, वजन खरे. पण तिकडच्या व्यापाऱ्यांना हा छाप अनोळखी. त्यांचा भरवसा रियालावर. हा प्रयोग पुन्हा झाला नाही.

त्यानंतर ७० वर्षांहून अधिक काळ लोटला. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. त्याने तहासाठी जी कलमे आणली होती त्यांत एक होते : इंग्रजांची नाणी महाराजांच्या राज्यात चालावीत. यावर जे उत्तर मिळाले ते इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे, आणि प्रत्येक अर्थमंत्र्याने ते आपल्या टेबलावर ठेवावे असे आहे. त्याचा आशय असा की, कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही. पण ज्यात रयतेला तोटा येईल असे नाणे घेण्याची सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही. तुमचे नाणे कसाला आणि वजनाला मोगलांच्या व इतरांच्या नाण्याइतके उतरले, तर ते आपोआप चालेल.

तांबडनाक्या हेन्रीने जी गोष्ट हुकमाने करून पाहिली, ती हुकमाने होत नाही हे रायगडावर पक्के ठाऊक होते.

नाण्याहून मोलाची जागा

आता त्या गृहस्थांच्या वहीकडे येतो. त्यांनी नाणे काढण्याआधी जागा का टिपली?

इंग्लंडात १९९६ चा निखात निधीचा कायदा आहे. ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी एकाच ठेव्यात सापडली तर १४ दिवसांत कळवणे बंधनकारक. मग अधिकारी चौकशी करतो, वस्तुसंग्रहालयाला हवी असल्यास किंमत ठरते, आणि ती रक्कम बहुधा सापडवणारा व जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. एकटे-दुकटे पडलेले नाणे या कायद्यात येत नाही. तरीही आमच्या गृहस्थांनी ते नोंदवले. १९९७ पासून तिथे अशा किरकोळ सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना आहे. ठिकठिकाणी तिचे अधिकारी बसतात, वस्तू पाहतात, मोजतात, छायाचित्र काढतात आणि परत देतात. आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तू त्या दप्तरात गेल्या आहेत. नेमकी जागा मात्र लोकांसाठी प्रसिद्ध करीत नाहीत. कारण परवानगीशिवाय रात्री यंत्रे घेऊन दुसऱ्याच्या शेतात शिरणारी घुबडे तिकडेही आहेत. गावाचे नाव मी गाळले ते यासाठीच.

एकट्या नाण्याच्या जागेने काय होते, असे वाटेल. बॉसवर्थची गोष्ट ऐका. २२ ऑगस्ट १४८५ च्या या लढाईत तिसरा रिचर्ड पडला आणि एलिझाबेथचा आजोबा सातवा हेन्री राजा झाला. ज्या लढाईने ट्यूडर घराणे आले, ती कुठे झाली हे कित्येक पिढ्या एक टेकडी दाखवून सांगत. २००५ पासून पुढे काही वर्षे धातुशोधकांनी आसपासची शिवारे शिस्तीने विंचरली. प्रत्येक वस्तूची जागा टिपली. तोफांचे आणि बंदुकांचे शिशाचे गोळे निघाले, आणि रिचर्डचे चिन्ह असलेला रानडुकराचा एक लहानसा सोनेरी मुलाम्याचा चांदीचा बिल्ला निघाला. सगळ्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा रणभूमी टेकडीवर नव्हे, तर तिथून सुमारे तीन किलोमीटरवर सखल रानात होती असे ठरले. तो बिल्ला कुणी खिशात घालून बाजारात विकला असता तर त्याला किंमत चांगली आली असती. पण लढाई मात्र चुकीच्या टेकडीवरच राहिली असती.

आजोळचे घंगाळ

हे सगळे पाहताना मला राहूनराहून आठवत होते ते माझे सातारा जिल्ह्यातले आजोळ.

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. मळ्यात विहीर खणायचे काम चालले होते. एके दिवशी दुपारी खणणाऱ्यांच्या पहारीला मडके लागले. आत तांब्याची नाणी. दोन्ही हातांनी उचलवेना इतकी. शिवराया! एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. वार्ता गावात फुटायच्या आत मडके घरात आले. मोठ्या माणसांची खलबते झाली. सगळ्यांच्या मनात एकच धास्ती : सरकारला कळले तर जप्त होईल आणि वर कोर्टकचेरी मागे लागेल. खणणाऱ्या चौघांना गोडाचे जेवण आणि एका दिवसाची जादा मजुरी मिळाली. आठवड्याने नाणी तांबटाकडे गेली आणि त्यांचे एक सुरेख घंगाळ होऊन आले. पुढे कितीतरी दिवाळ्यांना आम्ही भावंडे उटणे लावून त्या घंगाळातल्या पाण्याने न्हालो. आजीने एक शिवराई देव्हाऱ्यात ठेवली होती. ती आज माझ्याकडे आहे आणि माझ्या नादाची सुरुवात तीच.

आता गंमत पाहा. आपल्याकडचा निखात निधीचा कायदा १८७८ चा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरांना लेखी कळवावे, असे तो सांगतो. आणि पुढे काय सांगतो? मूळ धनी कुणी ठरला नाही आणि आधी काही वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम द्यायची. म्हणजे त्या मडक्याचे तीन हिस्से कायद्याने खणणाऱ्या चौघांचे होते! त्यांना ते ठाऊक नव्हते. माझ्या आजोळच्या माणसांनाही ठाऊक नव्हते. जप्तीची भीती मात्र सर्वांना पाठ होती.

शिवरायांच्या अक्षरांत किती प्रकार आहेत, कोणते आधीचे, कोणते नंतरचे, यावर अभ्यासक आजही डोके खाजवतात. एका मडक्यात कोणकोणती एकत्र होती हे कळले असते तर त्यांना केवढा दुवा मिळाला असता! माझ्याकडची एकटी शिवराई काही बोलत नाही. तिचे सोबती घंगाळ होऊन गेले.

म्हणून, वाचकहो, आपल्यापैकी कुणाच्या रानात नांगराला, पहारीला किंवा पावसाने वाहून गेलेल्या बांधात एखादे नाणे लागलेच तर चिंच-राख घेऊन ते घासू नका. घासण्याने अक्षरे जातात. मऊ कागदात गुंडाळा आणि त्याच कागदावर चार गोष्टी लिहा : गाव कोणते, गट नंबर कोणता, किती खोल, आणि तारीख. मडके लागले तर ते जसेच्या तसे राहू द्या, आणि ते ज्यांच्या पहारीला लागले त्यांची नावे लिहून कलेक्टर कचेरीत अर्ज द्या. अर्जात ती नावे सर्वांत वर असू द्यात. तीन हिस्से त्यांचे आहेत.